तिगम्मी : मोरोक्कोच्या किनाऱ्याजवळचं मातीचं घर उभं कसं राहतं?

आजोबांनी भिंतीच्या एका उखडलेल्या कोपऱ्यातून सुपारीएवढं ढेकूळ नखानं सुटं केलं. तळहातावर घेऊन त्यावर मडक्यातल्या पाण्याचे चार-पाच थेंब टाकले आणि अंगठ्यानं मळायला लागले. आधी त्याचा भुगा झाला, मग चिखल, आणि दोन-तीन मिनिटांत चांगली गुळगुळीत गोळी. ती माझ्यापुढे धरून ते एकच शब्द बोलले, "अकाल." शेजारी उभ्या असलेल्या नातवानं सांगितलं, अकाल म्हणजे माती. ती भिंत त्यांच्या आजोबांनी बांधलेली होती. इतक्या वर्षांनी तिचा तुकडा ओला झाला आणि पुन्हा पहिल्यासारखी माती झाला.

मातीच्या घराची ताकद आणि दुखणं, दोन्ही त्या गोळीत आहेत. सिमेंटमध्ये पाणी पडलं की रासायनिक क्रिया होते आणि ते कायमचं दगड बनतं, मागे फिरत नाही. मातीत तसं काही घडत नाही. ती फक्त वाळते. त्यामुळे शंभर वर्षांची भिंतही पाण्यापुढे कालच्या चिखलासारखीच असते. अशी वस्तू दोन मजले उंच उभी राहते, उन्हाळे-पावसाळे काढते आणि आत माणसं सुखानं राहतात, हे कसं होतं ते या लेखात उलगडायचं आहे.

आधी ठिकाण सांगते. मोरोक्कोच्या नैर्ऋत्येला अटलांटिक महासागराच्या काठी अगादीर हे बंदर आहे. तिथून दक्षिणेला तिझनितकडे निघालं की साधारण तासाभरानं मासा नदीच्या खोऱ्यातली गावं लागतात. या सगळ्या प्रदेशाला सूस म्हणतात. समुद्र हाकेच्या अंतरावर नाही, पण सकाळी दहापर्यंत त्याचं धुकं गावात रेंगाळतं आणि जिभेवर खारट चव येते. एका बाजूला अर्गनची काटेरी झाडं, दुसऱ्या बाजूला नदीकाठची हिरवी शेतं, आणि मध्ये मातीच्याच रंगाची घरं. लांबून पाहिलं तर गाव कुठे सुरू होतं ते पटकन कळत नाही.

इथली माणसं अमाझिग. अनेकवचनी इमाझिघेन. बाहेरचं जग त्यांना 'बर्बर' म्हणतं. हा शब्द ग्रीकांच्या 'बार्बारोस'पासून आला, म्हणजे ज्याची भाषा आपल्याला कळत नाही, तो नुसता बडबडणारा परका. संस्कृतातला 'बर्बर' त्याच कुळातला मानतात आणि मराठीत आपण तो रानटी, क्रूर या अर्थानं सर्रास वापरतो. म्हणून या लेखात मी तो शब्द टाळणार आहे. त्यांच्या भाषेला २०११ च्या राज्यघटनेनं मोरोक्कोची अधिकृत भाषा म्हणून मान्यता दिली. सूसमध्ये त्या भाषेचं जे रूप बोललं जातं ते ताशेल्हित, आणि ताशेल्हितमध्ये घराला म्हणतात तिगम्मी.

माझं बालपण मंगळवेढ्याकडच्या एका गावात माळवदाच्या घरात गेलं. तिगम्मीत पाय ठेवला आणि पहिल्यांदा जाणवला तो वास. उन्हातून आत आल्यावर येणारा थंड मातीचा, धुराचा आणि धान्याचा मिळून एक वास. तो मला पाठ होता. म्हणूनच हे घर नुसतं पाहून परत यायचं माझ्या मनात नव्हतं, ते समजून घ्यायचं होतं.

आता माती. शेतातली कुठलीही माती उचलली तरी तिच्यात चार गोष्टी कमी-जास्त प्रमाणात असतात: खडे, वाळू, पोयटा आणि चिकणमाती. खडे आणि वाळू हा भिंतीचा सांगाडा. त्यांना बांधून ठेवते ती चिकणमाती. तिचे कण इतके बारीक, की एका मिलिमीटरचे पाचशे भाग केले तर त्यातल्या एका भागाहूनही लहान. शिवाय ते गोल नसतात, अभ्रकाच्या पापुद्र्यासारखे चपटे असतात. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवून पाहा, सरकतील पण ओढून सुटणार नाहीत. मधला पाण्याचा पातळ पडदा त्यांना धरून ठेवतो. चिकणमातीच्या कोट्यवधी पापुद्र्यांमध्ये हेच चाललेलं असतं. भिंत वाळत जाते तसा हा पडदा पातळ होतो आणि पकड घट्ट होते. पाणी जास्त झालं की पापुद्रे घसरायला लागतात आणि चिखल होतो.

चिकणमाती जास्त असून चालत नाही. वाळताना ती आकसते आणि भिंतीला भेगा पडतात. हे आपल्याकडे शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक असतं. उन्हाळ्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, म्हणून काळीत पीक घ्यायचं आणि घर पांढरीच्या मातीनं बांधायचं. 'काळी' म्हणजे शेत आणि 'पांढरी' म्हणजे गावठाण, हा शब्दांचा जोड या अनुभवाशी नातं सांगतो. सूसमधल्या गवंड्यांनाही तोच हिशेब कळतो. गवंड्याला तिथे मआल्लेम म्हणतात, म्हणजे जाणकार, उस्ताद. तो माती मुठीत दाबून लाडू वळतो आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडतो. लाडू चपटा होऊन चिकटून बसला तर पाणी जास्त झालं. पार भुगा झाला तर कमी पडलं. चार-पाच तुकडे झाले तर माती जमली.

भिंत दोन तऱ्हांनी उभी करतात. एक म्हणजे साच्यात माती चोपून. दोन लांब फळ्या समोरासमोर उभ्या करायच्या, मध्ये भिंतीच्या जाडीएवढी फट, खालून आडव्या काठ्या, वरून दोरानं आवळलेलं. त्यात वीतभरापेक्षा कमी उंचीचा ओलसर मातीचा थर टाकायचा आणि धुम्मसानं ठोकायचा. माती दाबून जवळपास निम्मी होते. मग पुढचा थर. ठोकण्याचा आवाज आधी भद्द येतो आणि माती दबली की टणक होतो. तो आवाज बदलेपर्यंत थांबायचं नाही, हा नियम. एक साचा भरला की फळ्या सोडून पुढे सरकवायच्या. असं करत घराला एक फेरी पूर्ण झाली की खालचा थर वाळू द्यायचा आणि मगच वरची फेरी.

या पद्धतीला अरबीत तबिया म्हणतात. इब्न खल्दूननं १३७७ साली आपला 'मुकद्दिमा' लिहिला, त्यात या कामाचं वर्णन आहे: दोन फळ्या, मधली जागा, चुना मिसळलेली माती आणि ती ठोकणारे मजूर. साडेसहाशे वर्षांपूर्वीचा तो परिच्छेद हातात घेऊन आजही एखादा माणूस भिंत बांधायला घेऊ शकेल. तारुदांत शहराचा तट पाहिला तर भिंतीवर ओळीनं चौकोनी भोकं दिसतात. मला आधी वाटलं ती बंदुकीसाठी असतील. ती साच्याच्या आडव्या काठ्यांची भोकं आहेत. काठ्या काढून घेतल्या, भोकं राहिली, आणि आता त्यांत पक्षी राहतात. तो तट काही किलोमीटर लांब आहे, आणि तिझनितचा तटसुद्धा, जो सुलतान हसन पहिला याच्या काळात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभा राहिला, मातीचाच आहे.

दुसरी तऱ्हा कच्च्या विटांची. चिखलात पेंढा मिसळून लाकडी चौकटीत थापायचा आणि उन्हात वाळवायचा. या विटेला अरबीत तूब म्हणतात. 'अत्-तूब' हा शब्द स्पेनमध्ये गेला, तिथे 'अदोबे' झाला आणि पुढे जगभर 'अडोबी' म्हणून पोचला. पुष्कळ घरांत खालची भिंत चोपलेल्या मातीची आणि वरचा हलका भाग विटांचा असतो.

आता आत चला. बाहेरून घराला खिडकी जवळपास नाहीच. दार बुटकं. आत गेलात की लगेच अंगण दिसत नाही, वाट एकदा वळते. दार उघडं असलं तरी रस्त्यावरच्या माणसाला घरातल्या बायका-मुलं दिसू नयेत, म्हणून ही योजना. वळण संपलं की अस्साराग, म्हणजे चौक. घराचं तोंड बाहेर नाही, या चौकाकडे आहे. उजेड, वारा, आवाज सगळं इथूनच खोल्यांत जातं. एका बाजूला जनावरांची जागा, एका बाजूला चूल आणि पावाची भट्टी, एका कोपऱ्यात दगडी जातं. त्या जात्यावर धान्य नाही, अर्गनच्या बियांचा गर दळतात. अर्गनचं फळ वाळवायचं, त्याची अतिशय टणक आठळी दोन दगडांमध्ये फोडायची, आतला गर भाजायचा आणि दळायचा. बदामी रंगाचा दाट ओघ जात्याच्या कडेनं उतरतो, मग तो मळून तेल काढतात. घरातल्या मावशी ते करत असताना मी शेजारी बसले. आठळी फोडताना दगडाचा घाव नेमका चिरेवर बसावा लागतो. माझे तीन घाव फुकट गेले. त्या एका घावात एक याप्रमाणे फोडत होत्या आणि बोलणंही चालू होतं.

चौकाच्या फरशीखाली पाण्याची टाकी असते. छपरावर पडणारा पाऊस पन्हळीतून या टाकीत उतरतो. अगादीर भागात वर्षाला साधारण २५० मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्या सोलापूरच्या तिसरा हिस्सा म्हणा. तोही हिवाळ्यात, मोजक्या दिवसांत. म्हणून छप्पर हे या घराचं पाणलोट क्षेत्रही आहे.

या छपरापाशी मी सगळ्यांत जास्त वेळ थांबले. वर पाहिलं तर धुरानं काळ्या झालेल्या तुळया. तिकडे अर्गन, खजुराचं खोड, आता निलगिरीही, जे लाकूड मिळेल ते. तुळयांवर आडवे बोरू किंवा वेताएवढ्या काठ्या दाट अंथरलेल्या. त्यावर पालापाचोळा, झावळ्या. त्यावर वीतभर माती, भिजवून चोपलेली. माळवद! आमच्याकडे तुळईवर किलचा, त्यावर पाला किंवा सरकीची काडं आणि वर पांढरी माती. आमच्या घराला सवणं होतं, तसंच छतातलं भोक इथेही चुलीच्या वर आहे. दोन्ही मुलखांतल्या माणसांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही. पाऊस बेताचा, लाकूड तोकडं, माती भरपूर, एवढं जिथे जुळलं तिथे हेच छप्पर सुचलं. दक्षिण मोरोक्कोत श्रीमंतांच्या घरी तुळयांमधल्या काठ्या कण्हेरीच्या असतात, रंगवून नक्षीत मांडलेल्या. आपल्याकडे कण्हेर देवाला वाहतात, तिथे ती छतात जाते.

या छताचं वजन काढून पाहा. तीन मीटर रुंद आणि पाच मीटर लांब खोली. वर वीस सेंटिमीटर माती. म्हणजे तीन घनमीटर, वजन पाच टनांच्या आसपास. एवढा भार पेलायला तुळया जवळजवळ हव्यात आणि आखूड हव्यात. अर्गनचं झाड वेडंवाकडं वाढतं, लांब सरळ लाकूड देत नाही. त्यामुळे खोल्या अरुंद आणि लांबट होतात. तिथल्या बैठकीच्या खोलीत दोन्ही भिंतींना लागून गाद्या टाकल्या की मध्ये चहाच्या तबकापुरतीच जागा उरते. ती आवड म्हणून अरुंद नाही, लाकडाच्या लांबीनं तिची रुंदी ठरवली. आपण घर 'पाच खणांचं', 'सात खणांचं' म्हणतो तेव्हा आपणही तुळयांमधलं अंतरच मोजत असतो.

मातीचं घर उन्हाळ्यात थंड आणि थंडीत उबदार असतं हे सगळे म्हणतात, पण त्याचं कारण बऱ्याचदा चुकीचं सांगितलं जातं. माती उष्णता अडवते असं नाही. त्या कामात थर्माकोल तिच्यापेक्षा कितीतरी सरस आहे. माती उष्णता साठवते. सकाळी ऊन भिंतीच्या बाहेरच्या अंगावर पडतं आणि उष्णता आत झिरपू लागते, पण अर्धा मीटर जाडी पार करायला तिला आठ ते बारा तास लागतात. ती आतल्या अंगाला पोचते तेव्हा बाहेर रात्र झालेली असते, गार वारा सुटलेला असतो, आणि भिंत ती उष्णता दोन्ही बाजूंनी सोडून देऊन सकाळपर्यंत पुन्हा रिकामी होते. म्हणजे भिंत दिवसाचं ऊन रात्रीवर ढकलते. रात्री गार नसतील तर ही युक्ती चालत नाही. मुंबईच्या मे महिन्यात, जिथे रात्रीही उकाडा हटत नाही, तिथे जाड भिंतीचा उपयोग कमी. सूसमध्ये समुद्रातला थंड प्रवाह किनारा गार ठेवतो, त्यामुळे रात्रीचा भरवसा असतो.

एरवी किनाऱ्यावर ऊन सोसवेल असंच. पण वाळवंटाकडून शेर्गी नावाचा वारा सुटला की दोन दिवसांत सगळं पालटतं. ११ ऑगस्ट २०२३ रोजी अगादीरला ५०.४ अंश सेल्सियस तापमान नोंदलं गेलं. मोरोक्कोत ५० च्या वर पारा जाण्याची ती पहिली नोंद. त्या दिवसांबद्दल नातू सांगत होता. त्याचं स्वतःचं घर गावाच्या टोकाला आहे, काँक्रीटचं, दोन मजली. त्या आठवड्यात तो बायको-मुलांना घेऊन आजोबांकडे झोपायला आला होता.

माती आणखी एक काम करते, त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. चिकणमाती हवेतली वाफ शोषते आणि हवा कोरडी झाली की परत देते. धुक्याच्या सकाळी खोलीत दमट वाटत नाही, ते यामुळे.

पण धुकं आणि समुद्र यांचा त्रासही आहे, आणि किनाऱ्याजवळच्या घराला तोच खरा त्रास. मातीच्या घराला डोक्यावर टोपी आणि पायात जोडा चांगला हवा, असं अनेक देशांतले मातीकाम करणारे म्हणतात. टोपी म्हणजे छप्पर आणि जोडा म्हणजे दगडी जोतं. छपराला चीर पडली की पाणी भिंतीच्या माथ्यात शिरतं आणि वरून खाली चर पाडत जातं. म्हणून पन्हळ भिंतीपासून हातभर पुढे काढलेली असते, धार भिंतीला लागू नये. जोतं नसेल तर जमिनीतली ओल दिव्याच्या वातीत तेल चढावं तशी भिंतीत चढते. समुद्राजवळ ही ओल खारी असते. पाणी उडून जातं, मीठ भिंतीतच राहतं, आणि मिठाचे स्फटिक वाढताना मातीचे कण आतून उचकटतात. भिंतीच्या पायथ्याशी, जमिनीपासून वीत-दोन वीत उंचीवर, पांढरट पूड आणि खळगा दिसला तर समजावं की मीठ कामाला लागलं आहे. आजोबांनी ढेकूळ काढलं ते अशाच खळग्यातून.

इथे लोक एक चूक फार करतात, आपल्याकडेही करतात. भिंत झडते आहे म्हटल्यावर वरून सिमेंटचा गिलावा चढवतात. दिसायला भिंत पक्की झाली. पण सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही. ती आतच कोंडते, आणखी वर चढते. माती ओलीनं फुगते, वाळल्यावर आकसते, सिमेंट मात्र ताठ. दोघांमध्ये फट पडते, गिलाव्याला बारीक चिरा जातात, पावसाचं पाणी त्यातून आत जातं आणि बाहेर यायला वाट नसते. काही वर्षांनी गिलाव्याची पोपडी हातात येते तेव्हा मागची भिंत चिखल झालेली असते. दोष मग मातीला मिळतो. मातीच्या भिंतीला मातीचा किंवा चुन्याचा गिलावाच हवा, जो ओल आत-बाहेर जाऊ देतो आणि झिजला तर पुन्हा देता येतो. आमच्या घरी आई सणाआधी भिंतींना पोतेरं द्यायची. लहानपणी मला ते फक्त सणाचं काम वाटायचं. ती दरवर्षी भिंतीचा झिजलेला थर भरून काढत होती, हे मला तिगम्मीत उभं असताना कळलं.

आता भूकंपाबद्दल. त्याशिवाय मातीच्या घराबद्दल लिहिणं मला प्रामाणिक वाटत नाही. २९ फेब्रुवारी १९६० च्या रात्री, रमजानच्या सुरुवातीच्या दिवसांत, अगादीरला भूकंप झाला. तीव्रता फार मोठी नव्हती, ६ पेक्षा कमी. पण केंद्र शहराखालीच होतं आणि धक्का जेमतेम पंधरा सेकंदांचा. किमान बारा हजार माणसं गेली. डोंगरावरचा सोळाव्या शतकातला किल्ला आणि खालच्या जुन्या वस्त्या भुईसपाट झाल्या, आणि तेव्हाच्या नव्या काँक्रीटच्या इमारतीही. आजचं अगादीर हे थोडं दक्षिणेला सरकून नव्यानं वसवलेलं शहर आहे. ८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री उंच ॲटलासमध्ये ६.८ तीव्रतेचा भूकंप झाला, जवळपास तीन हजार माणसं मेली आणि डोंगरातली माती-दगडाची गावंच्या गावं कोसळली. आणि ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्यापैकी कोण विसरेल? किल्लारी. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. लातूर-उस्मानाबादेत साडेनऊ हजारांहून जास्त माणसं गेली, आणि त्यांतले कितीतरी आपल्याच माळवदाखाली गेले. आमच्या घरालाही त्या पहाटे हादरा बसला होता. नंतर कित्येक महिने आजी ओसरीबाहेर, अंगणातच झोपायची.

असं का होतं? मातीची किंवा मातीत रचलेल्या दगडांची भिंत वरून येणारं वजन उत्तम पेलते. दाबाला ती पक्की. ओढ मात्र तिला सहन होत नाही, आणि भूकंप तिला आडवं हलवतो. भिंत वाकते, वाकताना एका अंगाला ताण येतो, तिथे ती फाटते. सगळ्यात आधी कोपरे उघडतात, कारण दोन भिंती तिथे नुसत्या टेकलेल्या असतात, बांधलेल्या नसतात. कोपरे सुटले की प्रत्येक भिंत एकटी पडते. तुळयांची टोकं भिंतीवरून सरकतात. आणि वरची पाच टन माती खाली येते. जितकी भिंत जड तितका भूकंपाचा झटका तिच्यावर मोठा. किल्लारीत दगडी भिंतींचे आतले आणि बाहेरचे थर आरपार दगडांनी जोडलेले नव्हते, ते वेगळे होऊन पडले. मात्र जिथे माळवद भिंतीवर नव्हतं, लाकडी खांबांच्या चौकटीवर होतं, तिथे काही घरांत भिंती पडूनही छत उभं राहिलं. खांब आणि तुळया एकमेकांना धरून होत्या.

म्हणून मातीचा दोष माती असण्यात कमी आणि बांधून न ठेवण्यात जास्त आहे. भिंतींच्या माथ्यावरून सगळ्या घराला वेढणारा लाकडाचा किंवा काँक्रीटचा पट्टा, कोपऱ्यांना आडवी बांधणी, दारं-खिडक्या कोपऱ्यापासून लांब, छपरावरची माती कमी आणि तुळया पट्ट्याला जखडलेल्या. एवढ्यानं घर कोसळण्याआधी माणसाला बाहेर पडायला वेळ मिळतो. मोरोक्कोनं मातीच्या बांधकामासाठी भूकंपाचे वेगळे नियम केले आहेत. ते डोंगरातल्या गावापर्यंत, तिथल्या मआल्लेमच्या हातापर्यंत पोचणं हे खरं काम. आजोबांच्या घराला असा पट्टा नाही. नातवाला ते माहीत आहे. २०२३ चा धक्का इथेही जाणवला होता, आणि त्यानंतर त्यानं आजोबांच्या झोपायच्या खोलीच्या छपरावरची निम्मी माती उतरवली. दरवर्षी पाऊस झिरपला की वरून आणखी एक थर टाकायचा, असं करत ती माती फार जाड झाली होती. आमच्याकडेही अगदी हेच व्हायचं.

अशा घरात पाहुणे म्हणून जायचं झालं तर ते कुणाचं तरी राहतं घर आहे, हे आधी लक्षात ठेवायचं. दारातून "अझूल" म्हणावं, म्हणजे नमस्कार. गालिच्याच्या कडेला चपला काढाव्यात. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. हातात काही न्यायचं तर साखरेचा सुळका न्यावा. कागदात गुंडाळलेला हा सुळका तिकडे लग्नापासून भेटीगाठीपर्यंत मानाचा मानतात, आणि चहात लागतोही तेवढा. हिरव्या चहात पुदिना, भरपूर साखर, आणि किटली हातभर उंच धरून ग्लासात ओतायची म्हणजे वर फेस येतो. सोबत भट्टीतला गरम पाव आणि अमलू. भाजलेले बदाम, अर्गनचं तेल आणि मध एकत्र वाटून केलेला हा पदार्थ मी आयुष्यात खाल्लेल्या सगळ्यात चांगल्या पदार्थांपैकी एक आहे. भिंतीला हात लावायचा असेल तर विचारा. कुणी नाही म्हणत नाही, उलट खूश होतात.

गावात आता अशी राहती घरं थोडी उरली आहेत. या भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या कासाब्लांकाला आणि फ्रान्सला कामाला जातात, परत आल्यावर काँक्रीटचं घर बांधतात. त्यांना नावं ठेवण्याचा मला हक्क नाही. आम्हीही माळवद पाडून स्लॅब टाकला. दरवर्षी पावसाआधी छपरावर चढायला घरात तरुण हात लागतात, आणि ते हात शहरात गेले की मातीचं घर दोन-तीन पावसाळ्यांत ढासळायला लागतं. माणूस नसलं की तिगम्मी लवकर जाते. तिचं एवढंच आहे, की गेली तरी मागे राडारोडा उरत नाही. तुळया कुणीतरी घेऊन जातं, आणि भिंती जिथून आल्या त्या जमिनीत मिसळतात. नातू मला अशी एक जागा दाखवायला घेऊन गेला होता. गुडघाभर उंच चौकोनी उंचवटे होते, आणि मधल्या चौकात कुणीतरी सातू पेरला होता.

आम्ही निघालो तेव्हा आजोबा अजून खळग्यापाशीच होते. मघाची गोळी त्यांनी टाकली नव्हती. तिच्यात चिमूटभर पेंढ्याची काडं मिसळून ती पुन्हा मळली, भिंतीतली जागा ओल्या बोटांनी पुसून घेतली, गोळी तिथे दाबून बसवली आणि तळहातानं वरून दोन-तीनदा फिरवलं. ओली असल्यामुळे तेवढी जागा गडद दिसत होती. संध्याकाळपर्यंत वाळेल, असं नातू म्हणाला.